पंचांगामागचे मास्तर : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार श्रींच्या कृपेने आणि सर्व ग्रामस्थांच्या श्रमाने तडीस गेला. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे अशी स्मरणिका समितीने मला आज्ञा केली. मी इतिहासाचा पंडित नव्हे. एस.एस.सी.पर्यंत शिकलेला, तालुका कचेरीतला एक साधा कारकून. तेव्हा राजेरजवाड्यांच्या लढाया मोठ्या लेखकांकडे सोपवून, आपल्यासारखीच लहान पगाराची नोकरी करणाऱ्या आणि काही काळ आपल्या ठाण्यातच राहून गेलेल्या एका मास्तरांविषयी यथामती चार शब्द लिहीत आहे. ग्रामस्थ बंधुभगिनींनी ते गोड मानून घ्यावेत.

हा विषय सुचण्यास कारण घडले ते मुहूर्ताचे. कलशारोहणाचा दिवस ठरविण्यासाठी गुरुजींनी पंचांग उघडले, तिथी, वार, नक्षत्र पाहिले आणि दिवस सांगितला. आपण सर्वांनी तो मान्य केला. पंचांगात छापलेली ती तिथी बरोबर आहे की नाही, ती कोणी काढली, कशी काढली, असे एकानेही विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. ज्या गोष्टीवर आपण डोळे मिटून विसंबतो, तिच्यामागे कोणाचे तरी डोळे शिणलेले असतात, एवढे मात्र खरे.

तिथी ही काही कोणाच्या मर्जीवर ठरत नाही. अमावास्येनंतर चंद्र सूर्याच्या पुढे जाऊ लागतो. तो बारा अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. अशा तीस तिथी सुमारे साडेएकोणतीस दिवसांत बसवाव्या लागतात, म्हणून कधी तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी होते. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान भरते, म्हणून दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास येतो. हे सारे गणित होय. आपल्या कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० मध्ये 'ग्रहलाघव' नावाचा ग्रंथ रचून हे गणित सोपे करून दिले आणि पुढे शेकडो वर्षे गावोगावचे जोशी त्यावरून पंचांगे करीत आले. परंतु कितीही चांगले कोष्टक असले तरी कालांतराने त्यात फरक साचत जातो. घड्याळ रोज अर्धे मिनिट मागे पडले तर महिन्याने पाव तास मागे पडते, तसाच हा प्रकार. हा फरक शोधणारा, जुने ग्रंथ पुन्हा तपासणारा कोणीतरी लागतो. असे जे थोडे लोक एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात झाले, त्यांतील एक प्रमुख म्हणजे कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित.

जन्म, शिक्षण आणि नोकरी

ज्या १८५३ सालच्या १६ एप्रिल रोजी बोरीबंदरहून आपल्या ठाण्यास पहिली आगगाडी आली, त्याच वर्षी जुलै महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरूड गावी दीक्षितांचा जन्म झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव तेच हे मुरूड. घरची वैदिक परंपरा असल्याने संस्कृताचे संस्कार लहानपणीच झाले. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून १८७४ साली ते मॅट्रिक झाले. औपचारिक शिक्षण तेथेच संपले. बी.ए., एम.ए. या पदव्या त्यांच्या नावापुढे कधीच लागल्या नाहीत.

त्यानंतरचे सारे आयुष्य शिक्षकाच्या नोकरीत गेले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे असा त्यांचा बदल्यांचा प्रवास आहे. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना बदली म्हणजे काय हे सांगावयास नको. बिऱ्हाड हलवायचे, मुलाबाळांची व्यवस्था लावायची, नव्या गावी नवे वरिष्ठ आणि नवे दप्तर. दीक्षितांच्या बाबतीत त्यात पुस्तकांची आणि गणिताच्या कागदांची भर होती. दिवसा वर्गात मुलांना शिकवावयाचे आणि उरलेल्या वेळात आकाशाचे गणित करावयाचे, असा हा क्रम वीस-बावीस वर्षे चालला. या दुसऱ्या कामासाठी त्यांना कोणी नेमले नव्हते. ते न केल्यास कोणी जाबही विचारणार नव्हते.

शाळेतले काम मात्र त्यांनी दुय्यम मानले नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुलांसाठी व सामान्य वाचकांसाठी त्यांनी सोपी पुस्तके लिहिली. 'सृष्टचमत्कार' हे १८८२ सालचे. पुढचे 'ज्योतिर्विलास' हे तर रात्री अंगणात बसून आकाशातील तारे कसे ओळखावेत हे घरगुती भाषेत सांगणारे पुस्तक आहे. ज्यास मोठे गणित येते त्याने लहान मुलाला समजेल असे लिहिणे, हे वाटते तितके सोपे नाही.

ठाणे आणि सायन पंचांग

१८८० च्या सुमारास दीक्षित ठाण्याच्या मराठी शाळेत होते. त्या काळचे ठाणे आजच्यासारखे गजबजलेले नव्हते. जिल्ह्याचे ठिकाण, कचेऱ्या, शाळा, खाडी, मिठागरे आणि दिवसातून काही वेळा येणारी आगगाडी. परंतु विद्येची आवड असलेली माणसे तेथे होती. त्यांपैकी एक ठाण्याचे कै. जनार्दन बाळाजी मोडक. 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाद्वारे जुने मराठी काव्य व ऐतिहासिक कागद उजेडात आणण्याच्या कामात ते होते, तसेच ज्योतिषाच्या प्राचीन ग्रंथांचाही त्यांचा व्यासंग होता. मोडक, ग्वाल्हेरकडील कै. विसाजी रघुनाथ लेले आणि दीक्षित या तिघांच्या श्रमाने शके १८०६ म्हणजे इ.स. १८८४ पासून सायन पंचांग निघू लागले.

सायन म्हणजे काय, हे मकरसंक्रांतीच्या उदाहरणाने सांगतो. सूर्य उत्तरेकडे वळतो, दिवस मोठा होऊ लागतो, ते खरे उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस सुरू होते. आपण संक्रांत करतो ती १४ किंवा १५ जानेवारीस. मूळ ऋतू आणि पंचांगातील संक्रांत यांत हे अंतर शतकानुशतके हळूहळू वाढत आले आहे. पंचांग ऋतूंना धरून असावे, म्हणजे सायन असावे, असे या तिघांचे म्हणणे होते. लोकांना ते पटले नाही. सणवार पिढ्यान्‌पिढ्या ज्या पंचांगाने चालत आले ते सोडून नवे कोण धरणार? टीका झाली, आणि सायन पंचांग वापरणारे अगदी थोडे राहिले. तरी दीक्षितांनी आपला पक्ष सोडला नाही की कोणाशी वैरही धरले नाही. आपले म्हणणे शांतपणे पुराव्यानिशी मांडावे आणि पुढच्या गणितास लागावे, हीच त्यांची रीत.

बार्शीतील शिक्षक आणि एरणचा खांब

ठाण्याहून त्यांची बदली सोलापूर जिल्ह्यात बार्शीस झाली. तेथे शाळेत शिकवीत असताना त्यांच्या हातून जे काम झाले, त्याने भारताच्या इतिहासातील एक मोठा गुंता सुटण्यास मदत झाली.

गुंता असा होता. गुप्त राजांच्या शिलालेखांत 'अमुक वर्षी' असे लिहिलेले आढळते, पण ते वर्ष कोणत्या सालापासून मोजलेले, हे नक्की ठाऊक नव्हते. कोणी विद्वान म्हणत इ.स. ७७-७८ पासून, कोणी १६६ पासून, कोणी १९०, तर कोणी ३१८-१९ पासून. म्हणजे एकाच राजाचा काळ दोनशे-अडीचशे वर्षे मागेपुढे होत होता. मुंबई इलाख्यातील अधिकारी व शिलालेखांचे अभ्यासक डॉ. फ्लीट हे या लेखांचा मोठा ग्रंथ तयार करीत होते. त्यांना मंदसोर येथील एका शिलालेखावरून दिशा मिळाली होती. परंतु खात्री गणितानेच व्हावयाची होती, आणि ते गणित दीक्षितांनी करून दिले.

मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळचा एक दगडी स्तंभ आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे कोरलेले आहे. अल्बेरुनी या प्रवाशाने नऊशे-हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की, गुप्तांचा काल शककालानंतर २४१ वर्षांनी येतो. १६५ मध्ये २४१ मिळविले की शके ४०६ येतात. शके ४०६ म्हणजे इ.स. ४८४. आता प्रश्न असा की, त्या वर्षी आषाढ शुद्ध द्वादशीस गुरुवार होता काय? दीक्षितांच्या गणिताने उत्तर आले : होय. २१ जून ४८४, वार गुरुवार. चौदाशे वर्षांपूर्वी कोणा अनामिक पाथरवटाने खांबावर कोरलेला वार आणि बार्शीच्या एका मास्तराने कागदावर काढलेला वार तंतोतंत जुळला.

१८८८ साली फ्लीटसाहेबांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि गुप्त संवताचा आरंभ इ.स. ३१९-२० हा ठरला. तिथीवरून वार काढण्याची दीक्षितांची रीतही त्याच ग्रंथास परिशिष्ट म्हणून जोडलेली आहे. आज शाळेच्या पुस्तकात मुले गुप्त राजांच्या ज्या सनावळ्या पाठ करतात, त्यांच्या पायात हा दगड आहे.

सनाचा एक आकडा केवढा फरक करतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. अंबरनाथचे शिलाहारांच्या काळातील शिवमंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथील शिलालेखातील शक आरंभी ७८२ असा वाचला गेला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या वाचनाने तो ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा ठरला. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आले. अशा प्रसंगी लेखात तिथीबरोबर वार किंवा ग्रहण दिलेले असेल तर गणिताने ताडा घेता येतो, आणि ताडा घेण्याची साधने अभ्यासकांच्या हाती देणाऱ्यांत दीक्षित अग्रभागी आहेत.

एका वर्षी दोन ग्रंथ

दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागविला होता. तेवढ्या निमित्ताने दीक्षितांनी वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतच्या साऱ्या ज्योतिषाचा इतिहास लिहावयास घेतला. शेकडो संस्कृत ग्रंथ व पोथ्या पाहणे, प्रत्येक ग्रंथकाराचा काळ ठरविणे, त्याचे आकडे स्वतः करून पाहणे, असे ते काम होते. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असे वाक्य आहे. आज कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत नाहीत, बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. मग त्या नेमक्या पूर्वेस केव्हा उगवत असतील, याचे गणित करून तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांचा असला पाहिजे असे त्यांनी मांडले. या अनुमानाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु जुन्या वाक्याकडे केवळ श्रद्धेने वा केवळ शंकेने न पाहता गणिताने पाहावे, ही दृष्टी त्यांनी दिली.

ग्रंथास पारितोषिक मिळाले, तरी तो छापून वाचकांच्या हाती पडण्यास बराच काळ गेला. अखेर १८९६ साली 'भारतीय ज्योतिःशास्त्र' पुण्यात प्रसिद्ध झाला. तो मराठीत लिहिला ही आपल्या भाषेची पुण्याई होय. त्याच १८९६ साली लंडनमध्ये 'द इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात इ.स. ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांची कोष्टके आहेत. भारतातली कोणतीही जुनी तिथी इंग्रजी तारखेत कशी आणावी, हे त्यावरून कळते. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. एक रॉबर्ट सिवेल या निवृत्त सनदी अधिकाऱ्याचे आणि दुसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित, ट्रेनिंग कॉलेज, पुणे. मॅट्रिक झालेल्या कोकणच्या मास्तराचे नाव असे साहेबाच्या बरोबरीने छापले गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल १८९८ मध्ये दीक्षित निवर्तले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या मराठी ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघण्यास १९३१ साल उजाडले. पुढे हिंदीत भाषांतर झाले, आणि सरकारी खात्यातर्फे इंग्रजी भाषांतराचे दोन भाग १९६९ व १९८१ साली निघाले. भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली पंचांग सुधारणा समिती नेमली, आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ही दिनदर्शिका सायन आहे. आमच्या कचेरीत येणाऱ्या राजपत्रावर इंग्रजी तारखेशेजारी जी शकाची तारीख छापलेली असते ती हीच. मोडक, लेले आणि दीक्षित ज्या पक्षासाठी झटले, तो नागरी व्यवहारापुरता का होईना, हयात नसलेल्या माणसांचा पक्ष म्हणून नव्हे, तर शास्त्र म्हणून मान्य झाला. सणवार मात्र आजही बहुतेक ठिकाणी निरयन पंचांगानेच होतात.

यातून घ्यावयाचा बोध

कोणी म्हणेल, दीक्षितांना तरी अखेर मान मिळालाच की! फ्लीट, सिवेल अशा मोठ्या माणसांनी त्यांची दखल घेतली. हे खरे आहे. पण निमूटपणे काम केले की कधी ना कधी नाव होतेच, असा बोध यातून काढणे बरोबर होणार नाही. तसे होत नाही. जनार्दन बाळाजी मोडकांचे नाव आज त्यांच्याच ठाण्यात किती जणांस ठाऊक आहे? ज्या पोथ्या वाचून दीक्षितांनी इतिहास लिहिला, त्या पिढ्यान्‌पिढ्या नकलून ठेवणाऱ्या लेखकूंची नावे कोणास माहीत आहेत? त्यांनी नक्कल करताना एक आकडा आळसाने गाळला असता तर त्याच वेळी कोणाच्या ध्यानातही आले नसते. तीनशे वर्षांनी दीक्षितांचे गणित मात्र अडले असते.

माझ्या अल्पमतीस यातून कळते ते एवढेच. आपण आज जे काम करतो ते पाहणारा आज समोर नसतो, पण ज्याला त्याची गरज पडणार आहे तो माणूस पुढे कधीतरी येणार असतो. त्याला आपले नाव ठाऊक असण्याची गरज नाही. काम बरोबर असण्याची गरज आहे. एरणच्या पाथरवटाने वार चुकीचा कोरला असता तर त्या दिवशी खांबासमोर उभ्या असलेल्या कोणाचेच बिघडले नसते. बिघडले असते ते चौदाशे वर्षांनी.

कचेरीत आम्ही हे रोज पाहतो. आज सातबारा संगणकावर आला आहे. पण जमिनीचा वाद निघाला की जुना फेरफार शोधावा लागतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणा तलाठ्याने स्वच्छ अक्षरात, वारसांची नावे एकही न गाळता, तारखेसह नोंद करून ठेवलेली असते आणि तिच्या आधारे एखाद्या विधवा बाईचा हक्क शाबूत राहतो. त्या तलाठ्याला त्या नोंदीबद्दल कोणी शाबासकी दिली नसेल. उलट एखादी नोंद घाईने केलेली असली की दोन भावांची घरे कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत बसतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालत आले आहे. ते संस्थापकांच्या पुण्याईने तर खरेच, पण रोज संध्याकाळी दार उघडून पुस्तकांची नोंद लिहीत बसलेल्या, कोणाच्या ध्यानात न राहिलेल्या माणसांमुळेही होय.

आपल्या मंदिराच्या भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली आहेत. ती असावीतच. ज्यांनी आपल्या कष्टाचा पैसा देवाकार्यास दिला त्यांचे ऋण गावाने मानलेच पाहिजे. परंतु पाटीवर न मावलेली नावेही पुष्कळ आहेत. पायाचे दगड वाहणारे, पावसाळ्यात सिमेंट भिजू नये म्हणून रात्र जागून काढणारे, गवंड्यांना वेळेवर भाकरी पोहोचविणाऱ्या मायबहिणी, जमाखर्चाचा पैन्‌पै हिशेब लिहिणारे. शिखराच्या आतल्या अंगाचा जोड कोणास दिसत नाही. गवंड्याने तो भरताना हात राखला नाही म्हणूनच वर कलश सरळ उभा आहे. पाऊस त्या जोडाची परीक्षा दरसाल घेईल, आणि जोड पक्का निघाला तर कोणाच्या काही लक्षातही येणार नाही. चांगल्या कामाची खूण बहुधा हीच असते.

जीर्णोद्धार झाला, आता खरे काम सुरू होत आहे. रोजची पूजा, दिवाबत्ती, झाडलोट, गळती दिसताच दुरुस्ती, दरसालचा हिशेब. उत्सवाच्या दिवशी गर्दी असते, एरवी देव आणि आपण. त्या एरवीच्या दिवसांतले काम नीट चालावे, हे ज्याच्या हाती येईल त्याने ते दीक्षित मास्तरांसारखे चोख करावे, आणि शंभर वर्षांनी या देवळात हात जोडणाऱ्या अनोळखी लेकराला ते सुखरूप पोहोचावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.